पन्नास वॉट, पण कशाचे?

(दहावी १९८० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचेचाळीस वर्षांनी एकत्र जमलोय, तेव्हा प्रत्येकानं आपल्या छंदाविषयी थोडं बोलावं असं संयोजकांनी ठरवलं. आत्तापर्यंत बाग झाली, भजन झालं, गडकोटांची भटकंती झाली. माझा छंद मात्र घरातल्या माणसांनाही अजून नीट कळलेला नाही. आमच्या सूनबाई पाहुण्यांना सांगतात, "बाबा वरच्या खोलीत कट्ट-कट्ट करत बसतात." तेवढीच माझी ओळख.

बाहेर व्हरांड्यात जुन्या वस्तू मांडल्यात. शाळेची पितळी घंटा आहे, स्काउटचा बिगुल आहे, आणि त्यांच्या शेजारी काळ्या पत्र्याचा एक डबा आहे. बऱ्याच जणांना तो जुना बॅटरी चार्जर वाटला. तो माझा पहिला ट्रान्समीटर आहे. आज मी जे बोलणार आहे ते त्या डब्याविषयी, सरकारी नियमातल्या एका आकड्याविषयी आणि त्या आकड्यावरून मी गमावलेल्या एका मित्राविषयी. मित्र तिसऱ्या रांगेत बसलाय. "माझं नाव घेतलंस तर उठून जाईन" असं त्यानं बजावलंय, म्हणून त्याला 'सांगलीकर' म्हणतो. आमच्या तुकडीतल्यांनी ओळखलं असेलच. दहावीपर्यंत तो माझ्याच बाकावर बसायचा. निकालानंतर त्याच्या वडिलांची बदली सांगलीला झाली आणि तो कृष्णाकाठचाच झाला.

आधी छंद काय तो सांगतो. याला हौशी रेडिओ म्हणतात, आणि तो करणाऱ्याला हॅम. आकाशवाणी फक्त ऐकता येते. हॅम ऐकतो आणि बोलतोही. स्वतः बांधलेल्या किंवा विकत घेतलेल्या यंत्रावरून, गच्चीवर ताणलेल्या तारेतून, तो दुसऱ्या हॅमशी संपर्क साधतो. गावातल्या किंवा दुसऱ्या खंडातल्या. पैसे घ्यायचे नाहीत, व्यापार करायचा नाही. पण हवेत लहरी सोडायच्या म्हणजे सरकारचा परवाना हवा. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, पोलीस चौकशी होते, मग दिल्लीहून परवाना आणि स्वतःचं बोधचिन्ह मिळतं. भारतातल्या बहुतेक हॅमचं बोधचिन्ह 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतं.

१९८७ साली आम्ही दोघं परीक्षेला मुंबईला गेलो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं. तो सांगलीला चढला, मी रात्री साताऱ्याला. त्यानं माझ्यासाठी जागा धरली होती, मी कंदी पेढे नेले होते, त्यानं भडंग आणली होती. झोपायचं सोडून आम्ही रात्रभर बोटांनी बाकावर मोर्स बडवत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "तुम्ही दोघं तबला शिकताय का?"

तेव्हा १९७८ चे नियम होते. परवान्याच्या श्रेणी होत्या, आणि प्रत्येक श्रेणीला शक्तीची मर्यादा. दुसऱ्या श्रेणीला ५० वॉट, पहिलीला १५० आणि त्याच्या वरच्या प्रगत श्रेणीला ठरावीक पट्ट्यांत ४००. आता श्रेण्या दोनच राहिल्यात, रिस्ट्रिक्टेडला ५० आणि जनरलला ४०० वॉट. आम्ही दुसऱ्या श्रेणीचे. मिनिटाला पाच शब्दांचं मोर्स जमवलं, पास झालो, परवाने आले. मोर्सवर शंभर संपर्क केल्याचा पुरावा दिल्याशिवाय ३० मेगाहर्ट्झच्या खाली तोंडानं बोलायला परवानगी नव्हती. ते शंभरही पूर्ण केले.

आणि मग वाद सुरू झाला. पन्नास वॉट, पण कशाचे?

इथं पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या सरांना आठवत असेल. गणित बरोबर, उत्तर बरोबर, पण एकक लिहिलं नाही की सर अर्धा गुण कापायचे आणि लाल शाईनं एकच शब्द लिहायचे: 'कशाचे?' पाच लिहिलं. कशाचे? आंबे का अँपिअर? माझ्या वहीत तो शब्द इतक्यांदा आहे की मला वाटायचं सरांनी त्याचा शिक्का करून घेतलाय.

आमच्या त्या डब्यात ८०७ नावाचा काचेचा व्हॉल्व्ह आहे. त्या काळी हॅम लोकांचा लाडका. लष्करी भंगारात स्वस्तात मिळायचा. त्याला मी ५०० व्होल्ट दिले, आणि मीटरवर १०० मिलिअँपिअर विद्युतधारा दिसेल असं जुळवलं. विभवांतर गुणिले विद्युतधारा, म्हणजे ५०० गुणिले ०.१, बरोबर ५० वॉट. सरांनी शिकवलेलं नववीचं गणित. आम्ही परीक्षेसाठी जे शिकलो त्यात मर्यादेचा आकडा याच ठिकाणी मोजायचा होता. शेवटच्या व्हॉल्व्हला जी डीसी शक्ती आपण खायला घालतो ती. तिला डीसी इनपुट म्हणायचे.

पण खायला घातलेलं सगळं अंगी लागत नाही. व्हॉल्व्ह तापतो, काच गरम होते, काही शक्ती तिथंच जाते. चांगलं जुळवलं तर शंभरातले सत्तर हिस्से बाहेर पडतात. म्हणजे ५० वॉट आत, ३५ वॉट बाहेर.

सांगलीकर म्हणाला, "हवेत जातात ते पस्तीसच. सरकारला काळजी हवेची का माझ्या व्हॉल्व्हची? मी पंचाहत्तर आत घालतो, म्हणजे बाहेर पन्नास पडतील. नियम हाच."

मी म्हणालो, "नियमात इनपुट आहे. तू दीडपट चाललायस."

आता गंमत बघा. एकाच यंत्राचे, जराही खोटं न बोलता, तीन वेगवेगळे आकडे सांगता येतात. आत जाणारे ५०. एरियलकडे निघणारे ३५. आणि त्याच यंत्रावर आवाज चढवून बोललो, त्या काळच्या साध्या पद्धतीनं पूर्ण चढवला, तर बोलण्याच्या सर्वोच्च क्षणी शक्ती चौपट होते, म्हणजे १४०. याला शिखर शक्ती म्हणतात. बाहेरची घंटा आठवा. टोला पडतो त्या क्षणीचा दणका वेगळा, आणि पुढच्या पाच मिनिटांची सरासरी काढली तर जवळजवळ काहीच नाही. दोन्ही खरंच आहे. विचारणाऱ्यानं काय विचारलं त्यावर उत्तर ठरतं.

म्हणजे सांगलीकराचा युक्तिवाद अगदीच वेडगळ नव्हता. जगानं पुढे तोच मानला. अमेरिकेत आधी हॅमला १००० वॉट डीसी इनपुटची मर्यादा होती. १९८३ साली ती बदलून १५०० वॉट आउटपुट केली, तीही शिखर शक्तीत मोजून. कारण सरळ आहे. डीसी इनपुट मोजायला एक व्होल्टमीटर आणि एक अँपिअरमीटर पुरे, तो जुन्या घरगुती यंत्रांच्या काळाचा नियम. तयार यंत्रं आली, बोलण्याच्या नव्या पद्धती आल्या, बोलताना काटा सारखा नाचायला लागला, आणि आत काय जातं यापेक्षा बाहेर काय पडतं हे मोजणं शहाणपणाचं ठरलं.

काही पट्ट्यांत याहून पुढची गोष्ट आहे. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेनं हॅमना पाच मेगाहर्ट्झच्या आसपास एक चिंचोळी पट्टी दिली. तिथं मर्यादा साधारण १५ वॉट, पण ती यंत्राची नाही. एरियल एकाच दिशेला जास्त फेकत असेल तर तो फायदाही हिशेबात धरून मोजायची. साधी द्विध्रुव तार लावली तर यंत्रातून नऊ वॉटच सोडता येतात. विजेरीला आरसा बसवला की बल्ब तोच राहतो, झोत मात्र वाढतो. इथं झोत मोजतात.

म्हणून आज नवीन मुलं मला विचारतात, "काका, किती वॉट चालतात?", तेव्हा मी सांगतो, आधी तक्त्याच्या स्तंभाचं शीर्षक वाच. खालचा आकडा नंतर. आत जाणारी, बाहेर पडणारी, शिखराची का झोताची? सरांचा प्रश्न आहे तो. कशाचे?

हे शहाणपण आज सांगतोय. १९८९ साली माझ्याकडे ते नव्हतं. माझ्याकडे होता नियमाचा कागद.

एका रविवारी संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर आम्ही पाच-सहा जण गप्पा मारत होतो. कोल्हापूरचे होते, पुण्याचे होते, बेळगावचे एक ज्येष्ठ होते. सांगलीकराचा आवाज खणखणीत येत होता. कुणीतरी त्याचं कौतुक केलं. आणि मी, सगळ्यांच्या समोर, हवेतच बोललो: "खणखणीत येणारच. परवान्यापेक्षा दीडपट चालवतोय. आम्ही नियम पाळणारे आपले बारीक आवाजाचे."

माईकचं बटण सोडलं आणि कानात फक्त खरखर. कुणी काही बोललं नाही. मग सांगलीकरानं मोर्समध्ये फक्त दोन आकडे पाठवले, ७ आणि ३. आमच्याकडे ७३ म्हणजे 'शुभेच्छा'. संपर्क संपवताना पाठवतात. त्यानं यंत्र बंद केलं. पुढच्या महिन्यात कळलं, त्यानं एरियलही उतरवली.

मी स्वतःला सांगितलं, मी खोटं कुठं बोललो? आकडा माझ्या बाजूनं होता. पत्र टाकायला हवं होतं. टाकलं नाही. वर्षं गेली.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच वर्षी दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत लागायचं. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, समोरच्या आजींकडे. सगळा वाडा तिथं जमायचा. आणि मी माडीवर बसून की दाबली की खाली पडद्यावर आडव्या रेघा. अर्जुन बाण सोडणार, तेवढ्यात माझं कट्ट-कट्ट. आजी जिना चढून वर आल्या. गुडघे धरून आल्या होत्या. मी परवाना काढून दाखवला. "आजी, नियमात पन्नास वॉट आहेत. मी पन्नासच्या वर एक वॉट जात नाही."

आजी म्हणाल्या, "बाळ, तुझ्या कागदात आमचा टीव्ही धरलाय का?"

मी तेव्हा हसलो. रात्री नियम पुन्हा वाचले. दुसऱ्यांच्या ग्रहणात व्यत्यय आणू नये, ही अट तिथं होतीच. मी आकड्याखाली रेघ मारली होती आणि ती ओळ तशीच सोडली होती.

यंत्र तपासलं तेव्हा कारणं दोन निघाली. माझं यंत्र सात मेगाहर्ट्झबरोबर त्याच्या पटीतल्या लहरीही थोड्या सोडत होतं. सातची नऊपट त्रेसष्ट, आणि ती जागा तेव्हाच्या टीव्हीच्या पट्ट्यात येते. आणि आजींच्या एरियलला स्वस्तातला बूस्टर होता, तो जवळच्या जोरदार लहरीनं गुदमरत होता. मी गाळणी लावली, म्हणजे लो-पास फिल्टर. तीन वेटोळी आणि चार कपॅसिटर. शिवाय शक्ती कमी करून आत दहा वॉटवर आणली. रेघा गेल्या. आणि आश्चर्य म्हणजे माझे संपर्क फारसे कमी झाले नाहीत.

याचं गणित सोपं आहे आणि प्रत्येक हॅमनं ते भिंतीवर लिहून ठेवावं. रेडिओवरच्या संदेशाचा जोर आम्ही एस-मीटरवर मोजतो. त्याचा काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट करावी लागते. पन्नासचे दोनशे केले की एक घर. आजच्या दोन मर्यादा घ्या, पन्नास आणि चारशे. आठपट शक्ती, पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर फरक दीड घराचा. आणि आमच्या भांडणाचा पन्नास आणि पंचाहत्तर? पाऊण सोडा, अर्धंही घर नाही. एका घराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. कानाला कळेल न कळेल एवढा. त्यासाठी मी बाकावरचा सोबती गमावला.

त्या दिवशी त्याचा आवाज खणखणीत येत होता तो जास्तीच्या वॉटांमुळे नव्हे. त्याची तार गावाबाहेर शेतात, उंच, मोकळ्यावर होती. माझी वाड्याच्या पत्र्यांवर वाकडी ताणलेली. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

जागतिक पातळीवर या विषयाचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना करते. त्यात हॅमची कमाल शक्ती किती हे प्रत्येक देशानं आपलं ठरवावं असं आहे. पण त्याच नियमावलीत सगळ्याच प्रक्षेपण केंद्रांना सांगितलंय की काम नीट होण्यापुरतीच शक्ती वापरा, जास्त नको. अमेरिकेच्या हॅम नियमांतही हेच वेगळं कलम करून घातलंय. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात. पहिलं कुंपण दाखवतं. दुसरं सांगतं की कुंपणापर्यंत रोज पळत जायची गरज नाही. ब्रिटननं २०२४ साली आपल्या वरच्या परवान्याची मर्यादा चारशेवरून हजार वॉट केली; म्हणून तिथला प्रत्येक हॅम सकाळी उठून हजार वॉट लावत नाही. गच्चीच्या टाकीत हजार लिटर मावतात म्हणून आपण हजार लिटरनं आंघोळ करतो का?

आता ऑगस्ट २०१९. तुम्हाला सगळ्यांना तो महापूर आठवतोय. वर आपल्याकडे महाबळेश्वर, कोयना, धोम, कण्हेर, सगळीकडे पाऊस थांबायला तयार नव्हता. धरणं भरली, दरवाजे उघडले. आपलं साताऱ्याचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर एक होतं आणि सांगलीकडे जातं. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. टीव्हीवर मारुती चौक, गावभाग पाण्यात दिसत होता. मला त्याचं घर गावभागातलं एवढंच माहीत. फोन नंबर नव्हता. जुन्या मित्रांकडून एक मिळाला, तो लागत नव्हता. वीज नाही, मोबाइल चार्ज कुठून करणार?

वरच्या खोलीत जाऊन मी रेडिओ लावला. आता माझ्याकडे वरच्या श्रेणीचा परवाना आणि शंभर वॉटचं तयार यंत्र. सात मेगाहर्ट्झवर हाका मारल्या. पण थोड्या वेळानं लक्षात आलं, मी बोलतोय म्हणून मला ऐकू येत नाहीये. मग गप्प बसलो. पट्टीवरून हळूहळू काटा फिरवत नुसता ऐकत राहिलो. दिवसाच्या वेळी सात मेगाहर्ट्झच्या लहरी वर जाऊन जवळपासच परत उतरतात. सातारा-सांगली एवढ्या अंतराला हे फार सोयीचं.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला, खरखरीच्या तळाशी, अगदी बारीक मोर्स ऐकू आला. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. शेवटचा डॅश जरा लांबवायची खोड मी एकाच माणसाची पाहिलीय, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या बाकावर.

मी त्याचं बोधचिन्ह पाठवलं. पलीकडे काही क्षण शांतता. मग आलं: सगळे सुखरूप. वरच्या मजल्यावर आहोत. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर. पुण्याला मुलीला कळव. आणि नंबर पाठवला.

मी तो दोनदा परत पाठवून खात्री करून घेतली. नंबर चुकला तर सगळं वाया. खाली येऊन मुलीला फोन केला. ती पोर दोन दिवस झोपली नव्हती. परत वर जाऊन कळवलं, "निरोप पोचला." मग पुढचे चार दिवस सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला आम्ही भेटत राहिलो. तो पायरी सांगायचा. मी वर पाऊस किती, धरणांची बातमी काय, ते सांगायचो. सातवी, आठवी, पुन्हा आठवी, मग सहावी. ती सहावी पायरी आली तेव्हा मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या.

पहिल्याच दिवशी, निरोप संपल्यावर, मी काही विचारलेलं नसताना त्यानं आपण होऊन पाठवलं: "पाच वॉट. आउटपुट."

मित्रहो, मी हसलो आणि डोळ्यांतनं पाणीही आलं.

पाच वॉटच का, तेही सांगतो. हे सगळं एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाललं होतं, आणि ती भरायला वीज नव्हती. माझ्यासारखं शंभर वॉटचं यंत्र की दाबली की वीसेक अँपिअर ओढतं. त्याचं छोटं यंत्र दीड अँपिअरच्या आत. मीटरवर फरक दोन घरांचा, पण बॅटरी एक दिवस टिकणार का पाच दिवस, हा फरक त्याच्या घरातल्या माणसांसाठी मोठा. 'कामापुरतीच शक्ती' हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्यानं ते जिन्याच्या पायऱ्या मोजत पाळलं. आणि ते पाच वॉट मला ऐकू आले, कारण मी माझे शंभर बंद करून ऐकत बसलो.

पाणी ओसरल्यावर मी सांगलीला गेलो. भिंतींवर छातीच्याही वर चिखलाची रेघ होती. त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातल्या सगळ्या मोटारी चिखलात. दोन दिवस आम्ही तांब्याची तार धूत बसलो. बोलता बोलता कळलं, त्यानं परवाना कधीच संपू दिला नव्हता. छोटं यंत्र घेऊन त्याला आठ वर्षं झाली होती. "तुला ऐकायचो," म्हणाला. "रोज संध्याकाळी. उत्तर देत नव्हतो इतकंच."

मी कबूल करतो, या एका वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं आणखी कशानं लागलं नाही.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी आज उभा आहे.

या मेळाव्यासाठी जुन्या वस्तू मागवल्या, तेव्हा मी माळ्यावरून तो काळा डबा काढला. परवा सांगलीकर मुक्कामालाच आला होता. म्हणाला, "चालू होतो का बघू." एरियलऐवजी चाळीस वॉटचा बल्ब जोडला, म्हणजे हवेत काही जायला नको. व्हॉल्व्ह पेटला, बल्ब उजळला. माझ्या जुन्या मीटरचा काटा अगदी शंभरावर. मी अभिमानानं म्हणालो, "बघ. ५०० गुणिले ०.१. पन्नास."

त्यानं खिशातनं आपला डिजिटल मीटर काढला आणि त्याच वाटेत जोडला. आकडा आला १२०.

तो मीटर मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता आणि त्याची समांतर तार स्वतः गुंडाळली होती. चुकीची गुंडाळली होती. सहाव्या भागाइतकं कमी दाखवत होता. ५०० गुणिले ०.१२ म्हणजे साठ वॉट. काळानं बिघडला म्हणावं, तर ती तार लाखेनं चिकटवलेली आहे, जशीच्या तशी. ज्या मीटरवर वाचून मी मित्राचा न्याय केला, तो मीटर पहिल्या दिवसापासून खोटं सांगत होता. मी स्वतःच पन्नासच्या वर होतो. आणि माझी तर शेजाऱ्याच्या टीव्हीवर रेघही उमटत होती. त्याच्या पंचाहत्तरचा शेतातल्या उसाखेरीज कुणाला त्रास नव्हता.

सांगलीकर काही बोलला नाही. त्यानं माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल घेतली आणि मीटरच्या काचेवर एक शब्द लिहिला. तुम्ही बाहेर जाऊन बघा, अजून आहे. सर, तुमचा शब्द आहे.

मित्रांनो, नियम पाळायचाच असतो. तो बरोबर म्हणत होता असं मी आजही म्हणणार नाही. तेव्हाचा नियम इनपुटचा होता आणि पंचाहत्तर जास्तच होते. तोही आता ते मान्य करतो. पण दुसऱ्याचा आकडा चारचौघांत वाचून दाखवण्याआधी आपला मीटर तपासावा, एवढी साधी गोष्ट मी केली नाही. सरांनी ती नववीत शिकवली होती.

छत्तीस वर्षांपूर्वी मी त्याला पाच-सहा जणांच्या समोर हवेत बोललो होतो. आज दीडशे जणांच्या समोर, माईकवर, सांगतो: माझं चुकलं, गड्या. हिशेबातही आणि मैत्रीतही.

ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी, जेवणानंतर आम्ही दोघं मैदानात वडाखाली एक वीस मीटरची तार ताणणार आहोत. नातवंडांना घेऊन या. त्यांची नावं मोर्समध्ये वाजवून दाखवू. शक्ती पाच वॉट. आउटपुट.

सर्वांना ७३.